नांदायला न गेलेली मुलगी

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्ट. न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला आणि एका मुलीसमोर दोनच रस्ते उरले. महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं, नाहीतर सहा महिने तुरुंगात. मुलीनं सांगून टाकलं की ती तुरुंगात जाईल.

तिचं वय होतं २२. आत्ता माझं आहे तेवढंच. हे पान वाचणाऱ्या बहुतेकांचं वयही याच्याच दोन-चार वर्षं मागेपुढे असणार. तिनं चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न तिनं मानलं नाही, एवढीच तिची चूक.

तिचं नाव रखमाबाई. डॉ. रखमाबाई राऊत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव एका ओळीपुरतं माहीत असतं, भारतात प्रॅक्टिस करणाऱ्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून. २०१७ मध्ये तिच्या जन्मदिवशी गुगलनं डूडल केलं, तेव्हा गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली रखमाबाई अनेकांनी पहिल्यांदा पाहिली. २०१६ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. पण डॉक्टर होणं हा तिच्या गोष्टीचा दुसरा भाग आहे. पहिला भाग त्याहून अवघड होता, आणि तो टीनएजमध्येच सुरू झाला होता.

बंडखोर टीनएजर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दुसऱ्या महायुद्धानंतरचं लंडन, रॉक अँड रोल, आईवडिलांशी भांडून घराबाहेर पडणारी पोरं. रखमाबाईचं बंड अगदी उलटं होतं. ती घर सोडून कुठेच गेली नाही. ती घरातच थांबली. जिथे जायला सगळे सांगत होते तिथे गेली नाही, बस्स. आणि त्या न जाण्यानं मुंबई, पुणे आणि थेट लंडनपर्यंत खळबळ उडाली.

आधी आईची गोष्ट

रखमाबाईचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. आज ज्या वयात मुली अकरावी-बारावीच्या टेन्शनमध्ये असतात, त्या वयात या बाईचं सगळं आयुष्य घडून संपल्यासारखं झालं होतं. रखमाबाई तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची.

पण हे कुटुंब सुतार समाजातलं होतं आणि त्या समाजात विधवेनं पुन्हा लग्न करायला बंदी नव्हती. ब्राह्मण घरातल्या विधवेचं तेव्हा केशवपन व्हायचं, ती कायमची माजघरात जायची. जयंतीबाई त्यातून वाचल्या. साधारण सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्या आधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी रखमाबाईच्या नावावर केली. ही मालमत्ता लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सखाराम अर्जुन साधे गृहस्थ नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले डॉक्टर, झाडापानांचे अभ्यासक. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी दोनच भारतीय होते, त्यातले एक हे. घरात पुस्तकं होती, सुधारक मंडळींची ऊठबस होती. तरीही याच घरात रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. आईचं चौदाव्या वर्षी झालं होतं, लेकीचं त्याच्याही तीन वर्षं आधी. घरात पुस्तकं आली म्हणजे रीत लगेच बदलते असं नाही, हे तेव्हाही खरं होतं.

अट काय ठरली होती?

नवऱ्याचं नाव दादाजी भिकाजी. वय १९. सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. ठरलं असं की तो घरजावई म्हणून राहील, सासरे त्याच्या शिक्षणाचा खर्च करतील, आणि शिकूनसवरून तो चांगला माणूस होईल. मुलगी कुठे जाणारच नव्हती, जावईच घरी येणार होता. म्हणूनही कदाचित घरच्यांना हे लग्न सोपं वाटलं असेल.

पण दादाजीचं शिकण्यात मन लागेना. आई वारल्यावर तो सासऱ्यांचं न ऐकता आपल्या मामाकडे, नारायण धुरमाजींकडे राहायला गेला. तिथे शिक्षण सुटलं ते सुटलंच. कामधंदा नाही आणि डोक्यावर कर्ज. बायकोच्या नावावर मालमत्ता आहे हे त्याला माहीत होतं.

इकडे रखमाबाई वयात आली. त्या काळी मुलगी न्हाती झाली की लगेच गर्भाधानाचा विधी करून तिला नवऱ्याच्या खोलीत पाठवायचे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला! सखाराम अर्जुन डॉक्टर होते. एवढ्या लहान शरीरावर बाळंतपण लादलं की काय होतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विधी होऊ दिला नाही. दादाजीला ते झोंबलं. पुढे मामाच्या घरून निरोप यायला लागले की मुलीला नांदायला पाठवा.

रखमाबाई नाही म्हणाली. तेव्हा तिचं वय १२ च्या आसपास होतं. त्या वयाच्या मुलीचा नकार एरवी कुणी ऐकलाही नसता. चार बायकांनी समजावलं असतं, एखादीनं दोन थपडा दिल्या असत्या आणि पोरीला गाडीत बसवून दिलं असतं. रखमाबाईचा नकार टिकला, कारण घरातला एक मोठा माणूस तिच्या बाजूनं उभा राहिला. हे श्रेय सखाराम अर्जुन यांना द्यायलाच हवं. सावत्र वडील म्हटलं की सिनेमात खलनायक असतो. इथे तोच माणूस दाराशी उभा होता.

घरातच कॉलेज

लग्नाबरोबर तिची शाळा बंद झाली होती. म्हणजे हातात वेळ होता, पण वर्ग नव्हता. मग तिनं घरीच वाचायला घेतलं. फ्री चर्च मिशनच्या लायब्ररीतली पुस्तकं तिला मिळायची. इंग्रजी ती अशीच हळूहळू शिकली. घरी येणाऱ्या सुधारकांचं बोलणं कानावर पडत होतं. आईबरोबर ती प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जायची.

त्या वर्षांत आजूबाजूला काय चाललं होतं बघा. १८८२ मध्ये आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सगळ्या पुरुषी नियमांना धारेवर धरलं. १८८३ मध्ये १८ वर्षांची आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला जहाजानं अमेरिकेला निघाली. आनंदीबाई आणि रखमाबाई यांच्या वयात फक्त चार महिन्यांचं अंतर. दोघींचीही लग्नं बालपणी झाली. आनंदीबाईंच्या नवऱ्यानं बायकोनं शिकावं म्हणून हट्ट धरला आणि रखमाबाईच्या नवऱ्यानं स्वतःच शिक्षण सोडलं. मुलीचं आयुष्य कुठल्या दिशेनं जाणार, हे तेव्हा नवरा कसा निघतो त्यावर ठरायचं. रखमाबाईला नेमकं हेच मान्य नव्हतं.

वाचता वाचता तिच्या नकाराला कारणं सापडत गेली. बाराव्या वर्षी तिला फक्त त्या घरी जायचं नव्हतं. अठरा-एकोणीसची होईपर्यंत तिला कळलं होतं की प्रश्न एकट्या दादाजीचा नाही. ज्या वयात लग्न म्हणजे काय हे समजत नाही, त्या वयात लावलेल्या लग्नानं माणूस आयुष्यभर बांधला जातो का, हा खरा प्रश्न आहे.

वकिलाची नोटीस

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांचं पत्र आलं. बायकोला नांदायला पाठवा. त्यानंतर प्रकरण कोर्टात गेलं. दाव्याचं स्वरूप असं होतं की ही माझी लग्नाची बायको आहे, कोर्टानं तिला माझ्या घरी राहायला भाग पाडावं. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा असं त्याचं नाव.

यातली गंमत पुढे आहे. हा दावा ना आपल्या धर्मशास्त्रातला, ना आपल्या गावपंचायतीतला. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांमधून आलेला. इंग्रजांनी तो इकडे आणला आणि इथल्या नवऱ्यांना आयताच मिळाला. बरं, खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्ये कायदा करून, नांदायला न जाणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकण्याची शिक्षा रद्द केली. म्हणजे ज्या वर्षी लंडननं ही शिक्षा मोडीत काढली, त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईला वकिलाची नोटीस आली.

दावा चालू असतानाच, १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. मुलीच्या मागे उभा राहिलेला माणूसच गेला. आता आई होती, वकील होते आणि ती स्वतः होती. तिच्या बाजूच्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, जे पुढे याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला, रखमाबाईच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे दोघं नवरा-बायको म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत. जे सुरूच झालं नव्हतं ते पुन्हा सुरू करा असं कोर्ट कसं सांगणार? आणि अजाण वयात लग्न लावलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणं त्यांना अमानुष वाटलं.

ट्रोलिंग तेव्हाही होतं

निकाल लागला आणि वर्तमानपत्रं पेटली. धर्म बुडाला, आता बायका ऐकणार नाहीत, घरोघरी पोरी नांदायला नकार देतील, असा सूर लागला. मुलगी शिकली म्हणून बिघडली, हे वाक्य आपण अजून ऐकतो. ते किती जुनं आहे, ते या प्रकरणात कळतं.

विरोध करणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज होता लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’चा. आपल्या जिल्ह्यात हे लिहिताना जरा थांबावं लागतं. वणीचे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे निष्ठावान अनुयायी. आपण सगळे टिळक जयंतीला भाषणं करून मोठे झालो. त्यांचं स्वराज्यासाठीचं काम कुणी नाकारत नाही. पण रखमाबाईच्या बाबतीत ते तिच्या विरोधात होते, हेही तितकंच खरं. परक्या सरकारच्या कोर्टानं आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, ही त्यांची भूमिका. मुद्दा असा की नवरा ज्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात गेला होता, तो कायदाच मुळात परक्यांचा होता. त्याबद्दल मात्र कुणाला फारसा त्रास झालेला दिसत नाही. मोठ्या माणसाचं एक मत चुकलं म्हणून तो लहान होत नाही, आणि तो मोठा आहे म्हणून त्याचं चुकलेलं मत बरोबरही होत नाही.

या गदारोळात रखमाबाई गप्प बसली नव्हती. निकालाच्या आधीपासूनच, १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीची पत्रं छापून येत होती. बालविवाहानं मुलीचं शिक्षण कसं तुटतं, तिचं शरीर आणि मन कसं खचतं, विधवेचं जगणं काय असतं, हे त्यात कुणी बाहेरून पाहून लिहिलेलं नव्हतं, आतून लिहिलेलं होतं. नाव टोपण होतं. ती पत्रं रखमाबाईची होती. शाळा अकराव्या वर्षी सुटलेली मुलगी विसाव्या वर्षी इंग्रजी दैनिकात लिहीत होती. बेहरामजी मलबारी त्याच काळात बालविवाहाविरुद्ध मोहीम चालवत होते. त्या मोहिमेला आकडे होते, युक्तिवाद होते. रखमाबाईमुळे तिला एक खरी मुलगी मिळाली.

दादाजीनं अपील केलं. १८८६ मध्ये वरच्या खंडपीठानं पिन्हे यांचा निकाल बाजूला ठेवून खटला पुन्हा चालवायला सांगितला. त्यातूनच आला ४ मार्च १८८७ चा दिवस. नांदायला जा, नाहीतर तुरुंग.

तुरुंग पत्करण्याचं तिचं उत्तर समुद्रापार पोचलं. ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली. संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांनी तिची बाजू घेऊन लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत पंडिता रमाबाईंचं हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्यातही रखमाबाईच्या खटल्याची हकीकत आली. मुंबईत तिच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, पैसे जमले. दादाजीनं आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली, तर हिनं त्या पुस्तिकेला छापील उत्तर दिलं.

सिनेमासारखा शेवट झाला नाही

आता तुम्हाला वाटेल की पुढे मोठा निकाल आला असेल, टाळ्या पडल्या असतील. तसं काही झालं नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला खटल्याच्या खर्चापोटी २,००० रुपये द्यायचे आणि त्यानं कोर्टाच्या हुकमाची अंमलबजावणी मागायची नाही. त्यानं पैसे घेतले, पुढे दुसरं लग्नही केलं. त्या काळात पुरुषाला ती मुभा होती.

रखमाबाईला काय मिळालं? तुरुंग टळला. पण लग्न मोडलं नाही. हिंदू स्त्रीला घटस्फोट मिळेल असा कायदाच नव्हता. कागदावर ती दादाजीची बायकोच राहिली. म्हणजे चार वर्षं कोर्टात लढून, सगळ्या देशाच्या शिव्या खाऊन तिला शेवटी पैसे मोजून स्वतःचं आयुष्य सोडवून घ्यावं लागलं. यात तिचा पराभव नाही, पण कायद्याचा नक्कीच आहे. आणि तिच्याकडे पैसे, वकील, ओळखी होत्या म्हणून तेवढं तरी जमलं. त्याच वर्षी एखाद्या खेड्यातली मुलगी नाही म्हणाली असती, तर तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलंही नसतं.

लंडन, आणि मग परत

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये तेव्हा डॉ. एडिथ पीची काम करायच्या. एडिनबरो विद्यापीठात मुलींना मेडिकल शिकू द्या म्हणून लढलेल्या पहिल्या सात मुलींपैकी एक. तिकडच्या बायकांनाही डॉक्टर होण्यासाठी भांडावं लागलं होतं, दंगेखोर विद्यार्थ्यांचा मार सोसावा लागला होता. त्या पीचीबाईंनी रखमाबाईला सांगितलं की डॉक्टर हो. मदत उभी केली. १८८९ मध्ये रखमाबाई जहाजानं इंग्लंडला गेली आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाली.

ती तिकडे शिकत असताना इकडे १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करण्यात आलं. फक्त दोन वर्षांची वाढ, आणि त्यासाठीही केवढा गोंधळ! बंगालमधल्या फुलमणी या लहान मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे मृत्यू झाला होता, ते या कायद्यामागचं तातडीचं कारण. पण बालविवाहाचा प्रश्न दिवाणखान्यातून रस्त्यावर आणण्याचं काम त्या आधी रखमाबाईच्या खटल्यानं केलं होतं.

१८९४ मध्ये शिक्षण पूर्ण झालं आणि त्या परत आल्या. आता त्या डॉ. रखमाबाई होत्या. १८९५ पासून सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केलं. पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवायची नाही, मग बाळंतपणात जीव गेला तरी चालेल, अशी तेव्हाची परिस्थिती. त्यामुळे बाई डॉक्टर ही चैन नव्हती, जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. सुरतेत त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ काढला. १९१८ मध्ये सरकारी विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचं बोलावणं त्यांनी नाकारलं आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यात गेल्या. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९२९-३० पर्यंत, त्या तिथेच होत्या. सगळी मिळून सुमारे ३५ वर्षांची डॉक्टरकी. खटला चार वर्षांचा होता. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो खटलाच.

एक गोष्ट मात्र आपल्याला गोंधळात टाकते. १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या लग्नाला नाही म्हणण्यासाठी तुरुंगात जायची तयारी दाखवली, त्याच लग्नाचं वैधव्य का पाळलं? याची वेगवेगळी कारणं सांगता येतील. मला वाटतं, आपल्याला आवडणारी बंडखोर माणसं शंभर टक्के आपल्या मनासारखी वागत नाहीत, हे मान्य करणं जास्त बरं. त्या पोस्टरवरच्या नव्हत्या, खऱ्या होत्या.

निवृत्तीच्या काळात त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून लेखही लिहिला. २५ सप्टेंबर १९५५ ला, वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

तिच्यानंतर कायद्याचं काय झालं?

नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात पाठवण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क मिळाला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. जो हक्क त्यांना विसाव्या वर्षी हवा होता, तो त्यांच्या मरणाच्या चार महिने आधी आला. १९७८ मध्ये मुलीचं वय १८ झालं.

पण दादाजीनं केला तसा दावा अजूनही करता येतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ म्हणजे तेच, जोडीदाराला नांदायला यायला सांगा. आता तो नवरा-बायको दोघांनाही करता येतो, पण आहे तोच. आंध्र प्रदेश हायकोर्टानं १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं होतं, सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये वैध ठरवलं. २०१९ मध्ये गुजरातच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी त्याला सुप्रीम कोर्टात पुन्हा आव्हान दिलं. कॉलेजच्या पोरांनी, तुमच्याआमच्या वयाच्या.

आणि एक कायदा असा आहे, जो यवतमाळच्या प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर असायला हवा. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६. त्यात म्हटलंय की अठराच्या आत लग्न लावलेल्या मुलीला ते लग्न रद्द करून मागता येतं. अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसाव्या वाढदिवसाच्या आधी, तिनं कोर्टात अर्ज करायचा. घटस्फोट नाही, लग्नच रद्द. अजाण वयातल्या लग्नानं मी बांधली जात नाही, हे रखमाबाईचं म्हणणं १८८५ मध्ये धर्मद्रोह होतं. आज ते कलम आहे.

आपल्याकडे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. वर्गातल्या बाकांवर नजर फिरवून हा आकडा मोजून बघा. किंवा नको, कारण त्या मुली बहुतेक वेळा बाकावर नसतातच. दहावीला होती, अकरावीला दिसली नाही, एवढंच आपल्याला आठवतं. कापूस घरात येतो, लग्नसराई सुरू होते, चांगली सोयरीक आली म्हणून घरचे घाई करतात. पोरगी सतराची असते आणि हॉलतिकीट येण्याआधी पत्रिका छापून येते.

अशा मुलीला आपण रखमाबाईचं उदाहरण देऊन धीर धर म्हणणं सोपं आहे. पण रखमाबाई एकटी लढली नाही, हे तिची गोष्ट नीट वाचली की दिसतं. बाराव्या वर्षी सावत्र वडील दाराशी उभे राहिले. विसाव्या वर्षी तेलंगांसारखे वकील उभे राहिले. पंचविसाव्या वर्षी पीचीबाईंनी हात दिला. नाही हा शब्द तिचा होता, पण तो टिकवायला माणसं लागली.

आज त्यासाठी लंडन गाठावं लागत नाही. डॉक्टर व्हायचं तर आपल्या यवतमाळच्या वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजमध्ये मुली शिकताहेत. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, लग्नाच्या आधी त्याला कळवता येतं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फुकट लागतो. मैत्रीण म्हणाली की घरचे ऐकत नाहीत, तर तिच्या मामाशी, काकाशी, आवडत्या मॅडमशी बोलायला तिच्यासोबत जाता येतं. घरातला एखादा मोठा माणूस तिच्या बाजूला वळवता येतो. आणि मुलांनो, हे फक्त मुलींचं काम नाही. सखाराम अर्जुन, तेलंग, मलबारी हे सगळे पुरुषच होते, आणि तुमच्यापैकी कुणाची तरी लहान बहीण या वर्षी दहावीला असेलच.

रखमाबाईला कोर्टानं एका महिन्याची मुदत दिली होती. विसाव्या वाढदिवसाची मुदत आपल्या आसपासच्या किती जणींना माहीत आहे, ते आज कट्ट्यावर विचारून बघा.